सिट्झ बाथचा टब, डोनट उशी आणि सॉसची बाटली: बाळंतपणानंतरच्या मूळव्याधीत कशाचे पैसे वसूल झाले

आधीच सांगते, जेवता जेवता वाचत असाल तर ताट संपवून या. तीन वस्तूंचा रिव्ह्यू आहे आणि तिन्ही अशा जागेसाठीच्या आहेत जिचं नाव आमच्याकडे कुणी घेत नाही. बाळाच्या शीचा रंग आज पिवळा की हिरवा यावर आमच्या घरात अर्धा अर्धा तास चर्चासत्र चालायचं, पण बाळाच्या आईला बसता येत नाहीये हे कुणाला सांगायचं म्हटलं की आईसुद्धा आधी दार लावून घ्यायची.

तर माझं बाळंतपण माहेरी कराडला, नॉर्मल, खाली टाके. मूळव्याध तशी आठव्या महिन्यातच सुरू झाली होती पण तेव्हा नुसती खाज आणि जडपणा, म्हटलं प्रेग्नन्सीत काय काय होतं त्यातलंच एक. होतं असं की पोटातलं वजन वाढलं की खालच्या शिरांवर दाब येतो, हार्मोनमुळे आतडं आळशी होतं आणि शिरा सैल पडतात, वर रक्तवाढीच्या लोहाच्या गोळ्या पोट आणखी घट्ट करतात, आणि मग शेवटी लेबर रूममध्ये सगळेजण एका सुरात "जोर लाव, जोर लाव" ओरडतात. तो जोर कुठे कुठे लागतो हे नंतर कळतं.

तिसऱ्या दिवशी पहिल्यांदा संडासला गेले. त्याबद्दल जास्त लिहीत नाही, ज्या गेल्यात त्यांना माहितीये, काच गिळून ती बाहेर काढावी तसं. लालभडक रक्त बघून मी टाकेच तुटले समजून रडायला लागले. डॉक्टरांनी तपासून नर्सला सांगितलं "बारा वाजता फिशर आहे आणि बाहेर एक मोड" (फिशर म्हणजे शीच्या जागेच्या कातडीला पडलेली चीर), मी आपली वेडी, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघतेय, त्यात सव्वाअकरा. मग कळलं की त्या जागेचं घड्याळासारखं वर्णन करतात, उताणं झोपल्यावर बारा म्हणजे पुढची बाजू, टाक्यांकडची. एरवी फिशर बहुतेक वेळा मागच्या बाजूला असते, बाळंतिणींमध्ये पुढे असण्याचं प्रमाण त्यातल्या त्यात जास्त. आणि मोड म्हणजे मटकीला येतो तो नव्हे, तासगावच्या काळ्या द्राक्षाएवढी टणक निळसर गाठ. आत रक्त गोठलं होतं. अशा गाठीचं दुखणं पहिले दोन-तीन दिवस जिवावर येतं आणि मग हळूहळू उतरतं. अगदीच सहन होत नसेल तर डॉक्टर सुरुवातीच्याच दोन-तीन दिवसांत छोटा छेद देऊन गाठ काढू शकतात, माझी तशीच जिरू द्यायची ठरली.

घरी जाताना सांगितलं काय, तर "दिवसातून तीनदा कोमट पाण्यात बसा". बस एवढंच. कशात बसायचं, किती वेळ, पाण्यात काय टाकायचं का, काही नाही. फाइलमध्ये बाळाच्या लसीचा रंगीत तक्ता होता, माझ्यासाठी एक ओळ. असो.

तर वस्तू पहिली, टब. या कोमट पाण्यात बसण्यालाच सिट्झ बाथ म्हणतात. रात्री अडीचला दूध पाजता पाजता मोबाईलवर ऑर्डर केला, साडेचारशे रुपये. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही कारण एकाच साच्यातला माल चार नावांनी विकतात असं फोटो बघून तरी वाटलं. ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी, पसरट बसकं प्लास्टिकचं भांडं असतं, कडा रुंद, कमोडच्या सीटवर ठेवायचं म्हणजे कडेवर आपण बसतो आणि खालचा भाग पाण्यात राहतो. मागच्या बाजूला भोकं असतात, बसल्यावर जास्तीचं पाणी तिथून कमोडमध्ये जातं. सोबत एक पिशवी आणि लांब नळी येते, बसल्या बसल्या वरून कोमट पाणी सोडायला.

पार्सल धाकट्या भावाने उघडलं, अर्थातच. "ताई पॉपकॉर्नचं भांडं कशाला मागवलं?" मी काही बोलायच्या आत आई म्हणाली छान आहे, पालेभाजी निथळायला होईल. मी फक्त "आई" एवढंच म्हटलं, ज्या आवाजात म्हटलं त्यावरून तिला कळलं. एवढं होऊनही दुसऱ्याच दिवशी भांडीवाल्या मावशींनी तो घासूनपुसून कढई आणि पातेल्यांमध्ये उपडा घातलेला सापडला. तेव्हापासून त्यावर परमनंट मार्करने मोठ्ठं नाव लिहिलंय. तुम्ही पण लिहा, हसू नका.

आता खरी अडचण. माहेरी खाली भारतीय पद्धतीचं संडास, वेस्टर्न वर गच्चीच्या जिन्याला लागून, आणि टाके असताना दिवसातून तीनदा जिना चढणं म्हणजे शिक्षाच. वर जाऊन बघितलं तर तो कमोड जुना, गोल, छोटा, टब त्यावर एका बाजूने उचलला जायचा, बसलं की डुलायचा. ऑर्डर करताना मापाची माहिती होती ती मी वाचलीच नव्हती, ही चूक माझी. लांबट सीट आणि गोल सीट यात फरक असतो, टेपने मोजा, दोन मिनिटं लागतात.

उपाय काढला आजीने. आजोबांची कमोड खुर्ची माळ्यावर पडून होती, गुडघ्याच्या ऑपरेशननंतर घेतलेली ती स्टीलची, मधे भोक आणि खाली बादली. आजोबांना जाऊन दोन वर्षं झाली, खुर्ची कुणाला द्यायला आजीचा जीव होईना. ती म्हणाली काढा ती, पोरीला बसू दे. बादली काढली, टब ठेवला, असा चपखल बसला की जणू तिच्यासाठीच केलाय. मग मागच्या खोलीत खिडकीशी खुर्ची, खाली जुनी चादर, हाताला धरायला दोन्हीकडे दांडे, मी टबात आणि बाळ शेजारच्या पाळण्यात. ज्यांच्या घरात म्हाताऱ्या माणसाची अशी खुर्ची आहे त्यांनी टब थेट तिच्यावर ठेवून बघावा, संडासातल्या ओल्या फरशीवर तोल सांभाळत बसण्यापेक्षा शंभर पटीने बरं.

वापरायचं कसं ते माझ्या अनुभवातून. माझ्या टबात दोन-अडीच लिटर पाणी मावतं, पण काठोकाठ भरू नका, अर्ध्याच्या थोडं वर बास, नाहीतर बसल्याबरोबर पाणी चादरीवर. पाणी कोपर बुडवून बघायचं, बाळाच्या अंघोळीला बघतो तसंच, ऊबदार वाटलं पाहिजे, चटका नको. तिथली कातडी सुजलेली असते, गरम कळत नाही आणि भाजतं. दहा ते पंधरा मिनिटं. त्याच्यावर नको, कारण भोकावर तसं लटकून बसलं की सूज उलट वाढू शकते. आणि शी झाल्यानंतर तर नक्कीच बसा, फिशरचा तो मागाहून तास तास चालणारा ठणका असतो ना, तो तिथला स्नायू आकसून बसल्यामुळे असतो, कोमट पाण्यात तो सैल पडतो. पहिल्या दिवशी बसल्यावर चौथ्या-पाचव्या मिनिटाला मला ते जाणवलं, कुणीतरी आवळलेली मूठ सोडावी तसं. मी खिडकीतून समोरच्या पेरूच्या झाडाकडे बघत होते आणि तीन दिवसांत पहिल्यांदा माझे खांदे खाली आले. साडेचारशे तिथेच वसूल.

नंतर पुसायचं नाही, मऊ सुती कापडाने टिपायचं. आणि पहिल्या आठवड्यात आतून कडी लावू नका. गरम पाण्यातून उठताना मला एकदा डोळ्यापुढे अंधारी आली, आई बाहेरच होती म्हणून निभावलं.

पाण्यात काय टाकायचं यावर प्रत्येकीकडे एक नुस्खा तयार असतो. मालिशवाल्या मावशी म्हणाल्या तुरटी टाक, काकू म्हणाली मीठ, शेजारच्या वहिनी अँटिसेप्टिकची बाटलीच घेऊन आल्या. मी डॉक्टरांना फोन केला, त्या म्हणाल्या साधं पाणी, काहीच टाकू नका, अँटिसेप्टिकने ती कातडी आणखी चुरचुरते. आयोडीनवालं औषध तर अंगावर पाजणाऱ्या बाईने विचारल्याशिवाय अजिबात नको, ते अंगात शोषलं जाऊन दुधातून बाळापर्यंत पोचू शकतं.

टबाच्या तक्रारी पण सांगते, नाहीतर म्हणाल जाहिरात करतेय. ती पिशवी आणि नळी निव्वळ शोभेची, क्लिप दुसऱ्या दिवशी तुटली आणि नळीत पाणी राहून बुरसट वास यायला लागला, फेकून दिली, काही अडलं नाही. पाणी फार लवकर निवतं, थंडीचे दिवस होते तर सात-आठ मिनिटांत गार, मग आई थर्मासमधून मगात ओतून, कोपर बुडवून, थोडं थोडं कडेने वाढवायची. कडेला साच्याची एक धार होती ती मांडीला रुतायची, भावाने सॅंडपेपरने घासून दिली (तोपर्यंत त्याला कळलं होतं की हे पॉपकॉर्नचं नाही, बिचारा महिनाभर माझ्या नजरेला नजर देत नव्हता). आणि असल्या वस्तू वापरल्यावर परत घेत नाहीत, ते बरोबरच आहे म्हणा.

टब घ्यायलाच हवा का? नाही. ज्यांना खाली वाकून बसता-उठता येतं त्यांनी प्लास्टिकचं मोठं पसरट घमेलं घ्यावं, दीड-दोनशेत मिळतं, पाणी जास्त मावतं म्हणून निवत पण नाही लवकर. आपल्याकडे हे काही नवीन नाही, निसर्गोपचारात याला कटिस्नान म्हणतात. उरुळी कांचनचा आश्रम गांधीजींनी 1946 मध्ये सुरू केला, तिथे आजही त्यासाठी खास टब आहेत. सिट्झ हा शब्द पण जर्मन आहे, सिट्झन म्हणजे बसणं, एवढा भारदस्त शब्द आणि अर्थ काय तर बसा. पण टाके ताजे असताना किंवा सिझर झालेलं असताना घमेल्यात बसणं सोपं, उठणं महाकठीण. माझ्या जावेचं सिझर झालं होतं, तिलाही मूळव्याध झाली, आणि लोक तिला म्हणायचे तू तर जोर लावलाच नाहीस मग कशी काय. अहो नऊ महिने पोट वागवलं ना तिने, आणि ऑपरेशननंतर दुखण्याच्या काही गोळ्या असतात त्याही पोट बांधून ठेवतात. तर अशांसाठी टब.

वस्तू दुसरी, डोनट उशी. साडेआठशे रुपये, मधे गोल भोक. हिला माझ्याकडून पाचपैकी दीड. कल्पना अशी की दुखऱ्या जागेवर वजन येऊ नये, पण होतं काय की भोवतीने दाब पडतो आणि मधला भाग खाली लोंबतो, टाके असतील तर ओढ बसते. पंधरा मिनिटांनी मला जास्तच ठणकायचं. नंतर फिजिओथेरपिस्टने पण तेच सांगितलं, गोल भोकाच्या उशीने सूज वाढायची शक्यता असते, त्यापेक्षा साध्या मऊ उशीवर किंवा दुमडलेल्या गोधडीवर बसा, आणि त्याहून उत्तम म्हणजे बसूच नका, कुशीवर झोपून पाजा. कुशीवर पाजायला शिकायला मला चार दिवस लागले पण मग दिवसातलं पाच-सहा तासांचं बसणं वाचलं. वर उशीचा फोम तिसऱ्या आठवड्यात असा चपटा झाला की ती उशी कमी आणि थालीपीठ जास्त. एकदाच कामाला आली, तीन महिन्यांनी बाळाला घेऊन पुण्याला निघालो तेव्हा गाडीत, ती पण खंबाटकीच्या बोगद्यापर्यंतच, मग काढून मागच्या सीटवर टाकली.

वस्तू तिसरी, आणि हिच्यावर माझा सगळ्यात जास्त जीव, सॉसची बाटली. हो, चायनीजच्या गाडीवर असते ती लाल, चोचीची, दाबायची. परदेशात बाळंतिणींना धुवायला खास अशी बाटली देतात म्हणे, ऑनलाइन तीच चारशे-पाचशेला दिसते. नवऱ्याला सांगितलं तर तो पुण्याहून येताना बोहरी आळीतून तीस रुपयांना नवीकोरी घेऊन आला, दोन आणल्या, वर म्हणतो एक लाल एक हिरवी, चॉइस आहे. आपल्या संडासातला जेट स्प्रे टाक्यांवर मारून बघा म्हणजे कळेल मी का कौतुक करतेय, त्याचा जोर एवढा की जीव जातो. या बाटलीने कोमट पाण्याची बारीक धार पुढून मागे सोडायची, लघवी करतानाच सोडली तर टाक्यांना चुरचुरत पण नाही. पाचपैकी पाच.

पण खरं सांगू का, हे सगळं वरवरचं. शी खडा राहिली तर टबात दिवसभर बसलात तरी फिशर रोज नव्याने फाटणार. आणि इथे माझं सगळ्यांशी वाजलं. आमच्याकडे सव्वा महिना बाळंतिणीला पाणी मोजून, "बाळाला सर्दी होईल", "पोट सुटेल", आणि खायला डिंकाचे लाडू, सुकं खोबरं, लसूण चटणी, तूपभात. डिंकाच्या लाडवांशी माझं काही भांडण नाही, मला आवडतात, पण अंगावर पाजतेय, घसा सारखा कोरडा, आणि पाणी दोन तांबे? मी रडले, ओरडले, शेवटी आजीनेच बाजू घेतली, म्हणाली अगं मला पण झाली होती, चारही बाळंतपणांत, कुणाला सांगितलं नाही. आई तिच्याकडे बघतच राहिली. मग पाण्याची बंदी उठली, शेपू-पालक, पपई, भिजवलेल्या काळ्या मनुका, मुगाचं पातळ वरण सुरू झालं. अळीवाची खीर होतीच.

रात्री इसबगोल. यात एकच गोष्ट, ग्लासभर पाण्याबरोबर आणि वर परत पाणी. कोरडं किंवा दोन घोटांत घेतलं तर ते पाणी शोषून आतच गोळा होऊन बसतं आणि उलटा कार्यक्रम होतो. लोहाच्या गोळीपासून दोन तासांचं अंतर ठेवायचं. गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका, मला डॉक्टरांनी गोळी बदलून दिली. शी काळपट होते ती लोहाने, त्याने घाबरू नका, पण लाल रक्त वेगळं. शी मऊ करणारं लॅक्ट्युलोजचं पातळ औषध पण दिलं होतं, ते अंगात फारसं शोषलं जात नाही म्हणून पाजताना चालतं, फक्त गॅस असे होतात की पाहुण्यांसमोर बाळाचं नाव पुढे करावं लागतं. सोनामुखीची चूर्णं मात्र रोजच्या रोज घेऊ नका. लावायचं मलम डॉक्टरांनी दिलं तेच, संडासला जायच्या आधी सुन्न करणारं वेगळं असतं आणि फिशरचा स्नायू सैल करणारं वेगळं, मेडिकलवाल्याला "मूळव्याधीचं द्या" म्हणून आणाल तर काय मिळेल सांगता येत नाही. सुरणाची भाजी आईने आठवड्यातून दोनदा केली, आयुर्वेदात सुरणाला अर्शोघ्नच म्हणतात, म्हणजे मूळव्याध घालवणारा. गुण आला की नाही माहीत नाही, भाजी चांगली झाली होती.

आणि कमोडवर बसताना पायाखाली कपडे धुवायचं बुटकं स्टूल घ्या, गुडघे वर आले की जोर लावावा लागत नाही. मोबाईल आत नेऊ नका. मला माहितीये तेवढाच एकांत असतो, तरी.

माझी गाठ साधारण चार आठवड्यांत बसली, आता कातडीचा एक छोटा चुणा राहिलाय, तो बहुतेक राहणारच, त्रास नाही. फिशरला दोन महिने लागले. पण ताप आला, पू किंवा घाण वास आला, रक्त थांबेना, चक्कर येतेय, गाठ वाढतेय तर टब-बिब बाजूला ठेवून सरळ डॉक्टर. आणि एक गोष्ट बायका मूळव्याधीपेक्षाही जास्त लपवतात, गॅस किंवा शी आपोआप सुटणं. बाळंतपणात खाली फाटलेलं खोल गेलं असेल तर शी धरून ठेवणारा स्नायूच दुखावलेला असू शकतो, त्यावर व्यायाम आहेत, उपचार आहेत, "बाळंतपणात होतंच" म्हणून सोडायची गोष्ट नाही ती. आणि कृपा करून एसटी स्टँडच्या भिंतीवरच्या "मूळव्याध, भगंदर, एका दिवसात खात्रीशीर" असल्या पाट्यांवरच्या नंबरला फोन करू नका.

टबाला चार स्टार, एक त्या नळीसाठी कापला. नणंदेला सातवा लागलाय, तिला माझा वापरलेला न देता नवीन मागवून दिला, सोबत हिरवी बाटली, ती तशीच कोरी राहिली होती. आजोबांची खुर्ची पण आता तिच्याकडे जाणार आहे, आजीनेच सांगितलं, फक्त परत आणून द्या म्हणाली. डोनट उशी भावाने ढापली, खुर्चीत टाकून रात्ररात्र अभ्यासाला बसतो. त्याला अजून कुणी सांगितलं नाही की भोक कशासाठी आहे.